गाडीचा एसी गार हवा देईना? गॅस भरण्याआधी हे तपासा

एसीची तक्रार घेऊन गाडी गॅरेजात गेली की अनेकदा बॉनेट उघडायच्या आधीच निदान होतं: "गॅस संपलाय, भरून टाकू." गॅस भरला जातो, चार दिवस गारवा मिळतो आणि महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. घोळ त्या "संपलाय" शब्दात आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही, बंद नळ्यांमधून तोच तोच फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षाकाठी थोडे ग्रॅम झिरपतात हे खरं, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाडीत गॅस थोडा कमी निघाला तर ते चालण्यासारखं आहे. पण एका उन्हाळ्यात गॅस गेला असेल तर तो कुठून तरी गळतोय. ती जागा न शोधता पुन्हा भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

शिवाय गॅस पुरेसा असूनही एसी गार न करण्याची कितीतरी कारणं आहेत: तुंबलेला फिल्टर, बंद पडलेला पंखा, जळालेला फ्यूज, उंदराने कुरतडलेली वायर. यातली बरीचशी तुम्ही स्वतः, घरच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये तपासू शकता.

इथला क्रम बेल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) नेहमीच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड गाडी असेल तर पायरी १ आणि २ करा आणि थांबा. त्यांतले बरेच कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतात. नारिंगी वायरींना घरी हात लावायचा नाही.

काय जवळ हवं

- टोक आत खुपसता येणारा डिजिटल थर्मामीटर (स्वयंपाकघरातला चालतो)
- टॉर्च, मल्टिमीटर, स्क्रू-ड्रायव्हर
- पाण्याचा पाइप, मऊ ब्रश, फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी
- गाडीचं ओनर्स मॅन्युअल (फ्यूज आणि रिले, म्हणजे विजेवर चालू-बंद होणारे छोटे स्विच, कुठे आहेत ते त्यात असतं)
- वॉरंटी पुस्तिका आणि आधीच्या एसी कामांची बिलं
- बॉनेटखालच्या एसीच्या स्टिकरचा मोबाइलवर काढलेला फोटो

तो स्टिकर फार महत्त्वाचा. गॅस कोणता (बहुतेक गाड्यांत आर-१३४ए), किती ग्रॅम आणि बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरचं तेल कोणतं, हे त्यावर छापलेलं असतं. लहान हॅचबॅकमध्ये साधारण ३५० ते ५०० ग्रॅम गॅस बसतो. मागच्या सीटसाठी वेगळी कूलिंग कॉइल (आतली हवा गार करणारा भाग) असलेल्या मोठ्या गाड्यांत बराच जास्त.

### १. तक्रार नेमकी काय, ते ठरवा

"एसी चालत नाही" एवढं सांगून भागत नाही. खालीलपैकी तुमची तक्रार कोणती ते आधी पाहा:

- वारा कमी येतो, पण येतो तो गार: पायरी २
- हायवेवर गार, सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये गरम: पायरी ३
- वारा भरपूर, पण गारवा अजिबात नाही: पायरी ४
- आधी मस्त गार, अर्ध्या-पाऊण तासाने वाराच मंदावतो: पायरी ६
- डॅशबोर्डवरची एका बाजूची हवेची जाळी गार, दुसरी कोमट: पायरी ५ आणि ६
- गारवा आहे पण पूर्वीसारखा नाही: पायरी ५ पासून पुढे

मग मोजमाप घ्या. गाडी सावलीत उभी करून इंजिन सुरू करा, काचा-दारं बंद करा. एसी सगळ्यात गार, ब्लोअर मधल्या वेगावर आणि हवा आतल्या आत फिरवणारं रीसर्क्युलेशनचं बटण चालू ठेवा. थर्मामीटरचं टोक मधल्या जाळीत खुपसा. दहा मिनिटांनी जाळीतलं आणि बाहेरचं, दोन्ही तापमानं लिहून ठेवा. बाहेर ३०–३२ अंश असताना जाळीत साधारण ५ ते १० अंश मिळाले तर एसी ठणठणीत आहे. चंद्रपूर-नागपूरच्या ४४–४५ अंशांत उभ्या गाडीकडून हाच आकडा मागू नका, तिथे १३–१५ सुद्धा वाईट नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात जाते, त्यामुळे तिथेही आकडा थोडा वर राहतो.

### २. केबिन फिल्टर आणि ब्लोअर

बऱ्याच गाड्यांत केबिन फिल्टर ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. ग्लोव्हबॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली झुकवला की फिल्टरचं झाकण दिसतं. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. कागदी फिल्टर धुवायचा नाही, ओला झाला की त्याच्या घड्या चिकटतात. नवीन बसवताना हवेच्या दिशेचा बाण जुन्याच्या बाणाशी जुळवा. काही स्वस्त मॉडेलांत कारखान्यातून फिल्टर दिलेलाच नसतो, फक्त जागा असते. अशा गाडीत धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते, म्हणून फिल्टर विकत घेऊन बसवून टाका.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर मोटार बहुधा चांगली आहे, तिचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळालाय. ब्लोअरमधून खडखड येत असेल तर आत पाला किंवा उंदराचं घरटं असण्याचा संभव मोठा. पावसाळ्यात झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

### ३. कंडेन्सर आणि पंखा

कंडेन्सर म्हणजे गाडीच्या नाकावरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे असलेली पातळ पत्र्यांची चौकट. गाडीतली उष्णता इथून बाहेर जाते. तो चिखल, किडे आणि धुळीने बुजला की गॅस कितीही भरा, गारवा येणार नाही.

इंजिन थंड असताना बागेच्या पाइपने साध्या दाबाचं पाणी मारा आणि पट्ट्यांच्या दिशेने मऊ ब्रश हलका फिरवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर वॉशर जवळून मारू नका. नखाने वाकतील इतके हे पत्रे नाजूक असतात, ते आडवे झाले की हवेचा रस्ता कायमचा बंद होतो.

मग पंखा. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा थोड्याच वेळात फिरायला लागतो. तो फिरत नसेल तर "हायवेवर गार, सिग्नलला गरम" या तक्रारीचं उत्तर सापडलं: गाडी धावत असताना समोरचा वारा पंख्याचं काम करतो, थांबली की कोणीच करत नाही. फ्यूज, रिले आणि पंख्याची मोटार या क्रमाने तपासून घ्या. पंखा केव्हाही अचानक सुरू होतो, म्हणून हात, ओढणी आणि सैल बाह्या लांब ठेवा.

आणखी एक सोपी परीक्षा: इंजिन चालू असताना कंडेन्सरवर पाण्याची धार धरा. दोन मिनिटांत जाळीतलं तापमान झपकन उतरलं तर दोष कंडेन्सरच्या किंवा पंख्याच्या बाजूला आहे.

### ४. कॉम्प्रेसर लागतो का?

इंजिन सुरू ठेवून एसीचं बटण दाबायला कोणालातरी आत बसवा आणि तुम्ही कॉम्प्रेसरच्या पुलीकडे टॉर्च मारा. पुली बेल्टबरोबर सतत फिरत असते, पण तिच्या मध्यावरची चकती एसी बंद असताना स्थिर असते. बटण दाबताच "टक्" असा आवाज होऊन चकती पुलीला चिकटते, तिच्याबरोबर फिरू लागते आणि इंजिनाचा आवाज किंचित जड होतो. चकती अशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाला क्लच म्हणतात. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, चकती कायम फिरते आणि "टक्" होतच नाही. तशा गाडीत थेट पायरी ५ वर जा.

"टक्" झालं नाही तर:

फ्यूज आणि रिले. एसीचा रिले आणि हॉर्नचा रिले बऱ्याचदा एकाच नंबरचे असतात. इंजिन बंद करून अदलाबदल करून पाहा. एसी लागला तर रिलेच खराब.

क्लचच्या कॉइलपर्यंत (चकती ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्यापर्यंत, ही कूलिंग कॉइल नव्हे) वीज. क्लचच्या वायरीवर एसी चालू असताना मल्टिमीटरने १२ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. वीज येते पण क्लच लागत नाही, तर इंजिन बंद करून, कनेक्टर काढून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. साधारण ३ ते ५ ओहम ठीक. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली. अशा वेळी फक्त कॉइल बदलता येते, अख्खा कॉम्प्रेसर बदलायला लगेच होकार देऊ नका.

क्लचची फट. चकती आणि पुली यांतली फट साधारण ०.३ ते ०.६ मिमी असते. झिजून ती वाढली की सकाळी थंड असताना क्लच लागतो, दुपारी कॉइल तापून तिची ओढ कमी झाली की सुटतो. "सकाळी एसी चालतो, दुपारी नाही" या तक्रारीत ही फट मोजायला आवर्जून सांगा. बऱ्याच क्लचमध्ये आतली एक शिम (वॉशरसारखी पातळ कडी) काढली की काम होतं.

वीजच येत नाही. वायर तुटलीय, इंजिन जास्त तापल्यामुळे कंप्युटरने एसी तोडलाय, किंवा प्रेशर स्विचने वाट अडवलीय. गॅसचा दाब साधारण ३० पीएसआयच्या (दाबाचं एकक, टायरच्या हवेसाठी वापरतात तेच) खाली गेला किंवा साडेचारशेच्या वर गेला की हा स्विच कॉम्प्रेसर लागू देत नाही. काही मेकॅनिक स्विचला वायर जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवून दाखवतात. त्यांना थांबवा. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेलही नाही, आणि कोरडा कॉम्प्रेसर बघता बघता जाम होतो.

### ५. नळ्यांना हात लावून बघा

कॉम्प्रेसर लागतोय, पंखा फिरतोय, तरी गारवा नाही? एसी दहा मिनिटं चालवा. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणारी नळी चटका देण्याइतकी तापते, तिला हात लावू नका. उरलेल्या दोन नळ्या फायरवॉलपाशी, म्हणजे गाडीच्या आत शिरतात तिथे, शेजारी शेजारी सापडतात: एक बारीक, एक जाड.

सगळं ठीक असेल तर बारीक नळी कोमट-गरम लागते आणि जाड नळी फ्रीजमधल्या तांब्यासारखी गार, वर घामाचे थेंब धरलेली. दोन्ही एकसारख्याच कोमट असतील तर गॅस फार कमी आहे किंवा कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही. जाड नळी गार आहे पण आत हवा गरमच येते, तर दोष डॅशबोर्डच्या आत आहे. मधल्या एखाद्या जोडावर अचानक थंडी किंवा दव दिसलं तर तिथे अडथळा आहे.

गॅस कमी असला की कूलिंग कॉइलचा एकच भाग गार होतो. म्हणून एक जाळी गार आणि दुसरी कोमट हे लक्षण पुष्कळदा कमी गॅसचं असतं.

### ६. बर्फ आणि गरम हवेची झडप

अर्ध्या तासाने वारा मंदावणं म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ साचणं. एसी बंद करून फक्त ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालवा. गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी टपकलं आणि वारा पूर्ववत झाला तर खात्री झाली. कारणं तीन: तुंबलेला फिल्टर, कॉइलवरचा तापमानाचा सेन्सर खराब, किंवा गॅस कमी. फिल्टर पायरी २ प्रमाणे पाहा, मग सेन्सर तपासून घ्या.

जाड नळी गार असूनही आत गरम हवा येत असेल तर हीटरची झडप पूर्ण बंद होत नाही. तापमानाची कळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि डॅशबोर्डच्या आत कान द्या. सतत टकटक येत असेल तर झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटारीचे प्लॅस्टिकचे दाते तुटलेत. जुन्या गाड्यांत केबल असते, तिची क्लिप निसटते.

पुढच्या सीटच्या पायाशी मॅट ओलं होत असेल तर कॉइलच्या पाण्याची निचरा नळी तुंबली आहे. नळीच्या तोंडात अडकलेली घाण काढली की झालं.

### ७. गळती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका

इथपासून काम एसीच्या जाणकार मेकॅनिककडचं. पण काय चाललंय हे तुम्हाला कळलं पाहिजे.

गॅस गळतो तिथून थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळपट चिकट डाग पडतो. टॉर्च घेऊन नळ्यांचे जोड, गॅस भरायच्या व्हॉल्व्हची टोपणं, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग आणि कंडेन्सरचे कोपरे बघा. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत कंडेन्सर आधी कुजतो. हायवेवर जास्त धावणाऱ्या गाडीत खडी लागून भोक पडतं.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गळतीसाठी रिकाम्या सिस्टिममध्ये रेग्युलेटर लावून नायट्रोजन भरतात, साधारण १५० पीएसआयपर्यंत, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारतात. दुसरा उपाय अतिनील दिव्यात चमकणारा रंग, तिसरा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. कूलिंग कॉइलची गळती निचरा नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरून पकडता येते, त्यासाठी आधी डॅशबोर्ड उतरवायची गरज नाही.

दोन गोष्टी अजिबात होऊ देऊ नका. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरने सिस्टिममध्ये हवा भरणं, कारण त्यातला ओलावा आत राहतो. आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरने दाब देणं. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

गळती बुजवणारं बाटलीतलं द्रव्यही टाळा. ते हवा-ओलावा लागला की घट्ट होतं आणि बारीक मार्गही बंद करून बसतं.

### ८. गेज काय सांगतात

मेकॅनिक दोन घड्याळांचा गेज लावेल: निळं घड्याळ लो (कमी दाबाच्या) बाजूचं, लाल हाय (जास्त दाबाच्या) बाजूचं. इंजिन कित्येक तास बंद असताना दोन्ही काटे सारखेच असतात, ३० अंशांना साधारण ९५ ते १०० पीएसआय. "बघा, शंभर दाब आहे, गॅस फुल्ल" असं कोणी म्हणालं तर मानू नका. आत थोडासा गॅस जरी द्रवरूपात असला तरी बंद गाडीत दाब तेवढाच दिसतो, मग तो १५० ग्रॅम असो वा ४५०.

इंजिन चालू असताना, बाहेर ३५ अंशांच्या आसपास:

- लो ३०–४५, हाय २००–२५०: ठीक. विदर्भाच्या उन्हात हाय ३०० च्या जवळही जातो.
- दोन्ही कमी: गॅस कमी.
- दोन्ही जास्त: गॅस जास्त झाला, आत हवा शिरली किंवा कंडेन्सर-पंखा काम करत नाही.
- लो जास्त, हाय कमी: कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही.
- लो शून्याच्या खाली: एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) किंवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) तुंबलाय.
- लोचा काटा मध्येच शून्याखाली जातो आणि परत येतो: आतला ओलावा व्हॉल्व्हमध्ये गोठतोय.

### ९. गॅस भरण्याची बरोबर पद्धत

जोड उघडले असतील तर ओ-रिंग (जोडातल्या रबरी कड्या) नव्या हव्यात, बसवताना त्यांना कॉम्प्रेसरचं तेल लावलेलं हवं. सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायर बदला. कॉम्प्रेसर आतून फुटून धातूचा कीस निघाला असेल तर ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलावेच लागतात, आणि बारीक मार्गांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नाही, म्हणून तोही. हे टाळून फक्त नवा कॉम्प्रेसर बसवला तर उरलेला कीस त्यालाही खातो.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं. पंप निदान ३० मिनिटं चालला पाहिजे, पावसाळ्यात ४५. पंप बंद करून गेजचे व्हॉल्व्ह आवळा आणि काटा १५ मिनिटं जागचा हलतो का पाहा. हलला तर गळती अजून आहे. समुद्रसपाटीला काटा व्हॅक्यूमच्या ३० इंचांच्या (पाऱ्याच्या) जवळ जातो. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे २८ च्या आसपास थांबतो आणि ते बरोबरच आहे.

आता गॅस, वजनकाट्यावर ठेवून, स्टिकरवर लिहिलाय तेवढेच ग्रॅम. लहान गाडीत पन्नास ग्रॅमचा फरकही जाणवतो, आणि जास्त भरल्याने गारवा वाढत नाही, उलट कमी होतो. इंजिन चालू असताना गॅस फक्त लो बाजूने आणि डबा उभा धरून भरायचा. हाय बाजूचा व्हॉल्व्ह चुकून उघडला तर तिथला दाब डब्यात शिरून डबा फुटू शकतो. कंडेन्सर बदलला असेल तर साधारण २०–३० मिली, कूलिंग कॉइल बदलली असेल तर ४०–५० मिली तेल वरून घालतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे.

डबा सीलबंद आहे ना, ते स्वतः पाहा. नाव नसलेल्या स्वस्त सिलिंडरमध्ये पेट घेणारा एलपीजीसारखा वायू मिसळलेला असू शकतो. आर-४० मिसळलेला बनावट गॅस तर अल्युमिनियमशी प्रक्रिया करून स्फोटक पदार्थ तयार करतो. २०११ मध्ये जहाजांवरच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरांत त्यामुळे माणसं दगावली आहेत.

गॅस त्वचेवर किंवा डोळ्यात उडाला तर जागा गोठते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच जवळ उभे राहा. जुना गॅस हवेत सोडू देऊ नका, मशिनने काढून घ्यायला सांगा. हवामान तापवण्यात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी आहे.

### १०. गाडी ताब्यात घेताना

बिलावर नुसतं "एसी गॅस चार्जिंग" नको. गळती कुठे सापडली, कोणता भाग बदलला, किती ग्रॅम गॅस, कोणतं आणि किती तेल, व्हॅक्यूम किती वेळ, हे लिहून घ्या. बदललेला भाग परत मागा. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काम करण्याआधी पुस्तिकेतली एसीची अट वाचा, बाहेर उघडलेल्या सिस्टिमवरचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

गॅरेजातच थर्मामीटर पुन्हा मधल्या जाळीत घाला आणि पायरी १ मधल्या आकड्याशी ताडून बघा. आठ दिवसांनी, साधारण त्याच वेळी, तशाच सावलीत पुन्हा मोजा. दुरुस्त केलेला जोड पांढऱ्या कागदी रुमालाने पुसा. रुमाल कोरडा राहिला आणि तापमान दोन अंशांपेक्षा जास्त चढलं नसेल तर काम नीट झालंय. रुमालाला तेल लागलं तर त्याच दिवशी बिल घेऊन परत जा.